भाषण लिहायला बसायच्या आधी समोर कोण बसणारे ते बघा

भाषण करायचंय म्हटलं की डोक्यात पहिला प्रश्न येतो, "मी काय बोलू?" आणि माझ्या मते सगळी गडबड तिथेच सुरू होते. कारण मग आपण सर्च करतो, दहा-पंधरा टॅब उघडतो, जे जे भारी वाटेल ते एका फाइलमध्ये कॉपी करत जातो आणि शेवटी दहा मिनिटांच्या भाषणासाठी चाळीस मिनिटांचा मजकूर घेऊन रात्री एक वाजता कापाकापी करत बसतो. आता काय ठेवायचं आणि काय उडवायचं हे कशावरून ठरवणार? तर जे मला आवडलं ते राहिलं, बाकीचं गेलं. ऐकणाऱ्याचा या सगळ्यात कुठे संबंधच आला नाही.

मी पण बरीच वर्षं असंच करायचे. मग एकदा झोप या विषयावर एका कारखान्यात बोलायला बोलावलं. त्याच विषयावर आधी कॉलेजच्या मुलांसमोर बोलले होते, ते चांगलं झालं होतं, मुलं हसली-बिसली होती, म्हणून त्याच स्लाइड्स उचलल्या आणि गेले. मला वाटत होतं मस्त चाललंय, आणि बोलता बोलता मी म्हटलं की रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो रात्री दहाला झोपायची सवय लावा. मागून एकजण अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, दहाला झोपलो तर मशीनवर कोण उभं राहणार?" हॉलमधली निम्मी माणसं नाइट शिफ्टची होती, काहीजण तर शिफ्ट संपवून थेट येऊन बसलेले. म्हणजे जे बिचारे झोप मोडून माझ्यासमोर बसलेत त्यांनाच मी झोपा म्हणून सांगत होते. पुढची पंधरा मिनिटं कशी काढली ते माझं मला माहीत.

यात माहिती चुकीची नव्हती बरं का. मोठ्या माणसाला रोज निदान ७ तास झोप लागते हे कारखान्यातही खरं आणि कॉलेजमध्येही खरं. पण कॉलेजच्या मुलाला आपली झोप कमी पडतेय हेच पटवून द्यावं लागतं, आणि नाइट शिफ्टवाल्याला ते तुमच्यापेक्षा दसपट जास्त माहितीये, त्याला हवं असतं ते हे की सकाळी घरी जाताना डोळ्यावर ऊन येतं आणि झोप उडते, त्याचं काय करू, दिवसा खोलीत अंधार कसा करू, घरातल्यांना कसं सांगू. विषय तोच, पण भाषणं दोन. यालाच इंग्रजीतून आलेल्या भाषेत ऑडियन्स अ‍ॅनालिसिस म्हणतात, मराठीत श्रोत्यांचा अभ्यास म्हणा. नाव उगाच जड आहे, काम साधं आहे, की बोलायच्या आधी समोरच्याच्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते शोधून काढायचं.

आता हे काही नवीन फॅड नाहीये. ग्रीक विचारवंत अ‍ॅरिस्टॉटलनं इ.स.पू. चौथ्या शतकात वक्तृत्वावर लिहिताना तरुण माणसं कशी असतात, म्हातारी कशी असतात, मधल्या वयाची कशी असतात, पैसेवाले कसे, सत्तेतले कसे, असं एकेक घेऊन सविस्तर लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की भावनेला हात घालायचा तर आधी कोणाच्या भावनेला ते कळायला पाहिजे. आजची पुस्तकं याचेच तीन भाग करतात, एक म्हणजे वय, शिक्षण, काम असली वरवर दिसणारी माहिती, दुसरं म्हणजे त्यांची मतं, भीती, हवं-नको, आणि तिसरं म्हणजे परिस्थिती, म्हणजे किती लोक, किती वाजता, कुठे, कशासाठी जमलेत.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिला भाग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी कामाचा. "ऑडियन्स २५ ते ४० वयाची, ग्रॅज्युएट" हे वाचून मला नक्की काय कळलं? उलट त्यातून आपण अंदाज बांधायला लागतो, की वयस्कर लोक आहेत म्हणजे मोबाईलचं सांगायला नको, बायका आहेत म्हणजे अमुकच आवडेल, आणि हे अंदाज फसले की लोकांना बरोब्बर कळतं की या बाईनं आपल्याला एका खोक्यात टाकलंय. दुसरा भाग खरा सोन्याचा पण तो फॉर्ममध्ये लिहून मिळत नाही, विचारावा लागतो. आणि तिसऱ्याकडे तर कोणी बघतच नाही. माझा कारखान्यात जो पचका झाला तो तिसऱ्या भागातला होता. कार्यक्रम किती वाजता आहे आणि त्या वेळी ही माणसं कुठून येणार एवढं विचारलं असतं तरी वाचले असते.

परिस्थितीत अजून एक गोष्ट येते, लोक स्वतःहून आलेत की आणून बसवलेत. याचा फरक प्रचंड असतो. स्वतः नाव नोंदवून आलेल्या माणसाला "हे का ऐकायचं" हे सांगावं लागत नाही, तो खुर्चीत बसतानाच ठरवून बसलेला असतो. ऑफिसनं सक्तीचं केलंय म्हणून आलेला माणूस मात्र "हे कधी संपणार" या एकाच प्रश्नावर असतो, आणि त्याच्यासमोर तुम्ही स्वतःची पाच मिनिटं ओळख आणि विषयाचा इतिहास करत बसलात की संपलं. तिथे पहिल्या मिनिटातच त्याच्या रोजच्या कटकटीतली एखादी गोष्ट यायला हवी, आणि शक्य असेल तर "वीस मिनिटांत सोडते" हे पण सांगून टाकावं, आणि खरंच सोडावं.

मग येतो मतांचा भाग, आणि इथे थोडं थांबू कारण मला हा सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. समजा तुम्हाला लोकांचं एखाद्या गोष्टीवरचं मत बदलायचंय. फक्त आपलीच बाजू मांडायची का समोरच्याची बाजू पण स्वतःहून काढायची? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांवर नेमका हाच प्रयोग केला, १९४९ मध्ये तो छापून आला. विषय होता जर्मनी हरल्यावर जपानशी युद्ध किती लांबेल. काही सैनिकांना फक्त "लांबेल" याची कारणं ऐकवली, काहींना त्याच्या विरुद्धचे मुद्देही सोबत ऐकवले. तर निघालं काय, की ज्यांना आधीच वाटत होतं युद्ध लांबेल त्यांच्यावर एकतर्फी मांडणीचा जास्त परिणाम झाला, आणि ज्यांचं मत उलट होतं त्यांच्यावर दोन्ही बाजूंचा. जास्त शिकलेल्यांवरही दोन्ही बाजूंचीच मात्रा चालली.

आता हे रोजच्या भाषणात आणून बघा. आपल्याच गटाच्या मीटिंगमध्ये, सगळे सहमत असताना, विरोधी मुद्द्यांची यादी काढत बसलं तर लोकांना वाटतं याला स्वतःलाच खात्री नाहीये. आणि विरोधात असलेल्या लोकांसमोर त्यांचा मुद्दा गिळून टाकला तर ते तुमचं बोलणं ऐकतच नाहीत, मनातल्या मनात तोच मुद्दा घोळवत बसतात, "पण हिनं खर्चाचं काहीच कसं नाही सांगितलं?" तो मुद्दा तुम्हीच आधी काढलात, त्यांच्यापेक्षा चांगला मांडलात, की निम्मी लढाई तिथे हलकी होते.

मुझफ्फर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं (याच हॉवलंडबरोबर) अजून एक कामाची कल्पना दिली. प्रत्येकाच्या डोक्यात एका विषयाबद्दल एक पट्टा असतो, त्यातल्या गोष्टी "ठीके, मान्य" म्हणून घेतल्या जातात, त्याबाहेर एक नकाराचा पट्टा, तिथलं काहीही बोललात तरी माणूस दार लावून घेतो, आणि मध्ये एक भाग जिथे त्याला विशेष काही वाटत नाही. विषय माणसाच्या जितका जिव्हाळ्याचा तितका नकाराचा पट्टा मोठा. म्हणून जो माणूस व्यायामाचं नाव काढलं तरी चिडतो त्याला "उद्यापासून रोज एक तास" सांगणं म्हणजे श्वास वाया घालवणं, त्याला "जेवल्यावर दहा मिनिटं चाला" एवढंच मागा. कमी मागणं म्हणजे हार मानणं नाही, समोरच्याचा पट्टा जिथे संपतो तिथपर्यंतच आज जाता येतं, बाकीचं पुढच्या वेळी.

हे झालं त्यांच्याबद्दल. पण खरा अडथळा बहुतेक वेळा आपल्या स्वतःच्या डोक्यात असतो, आणि तो म्हणजे आपल्याला असलेली माहिती. १९९० मध्ये स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत एलिझाबेथ न्यूटन नावाच्या संशोधक विद्यार्थिनीनं एक गंमतशीर प्रयोग केला होता. एकानं सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्याची चाल टेबलावर बोटानं वाजवायची, नुसती टकटक, आणि दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं की किती ओळखतील? ते म्हणाले निम्मी तरी. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी ओळखली फक्त ३! कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द-बिब्द सगळ्यासकट पूर्ण गाणं वाजत असतं आणि ऐकणाऱ्याला मात्र टेबलावरची टकटक. घरी करून बघा, खरंच मजा येते आणि थोडा रागही येतो की "अरे एवढं सोपं आहे, कसं ओळखत नाहीस!" ज्या माणसाला आपला विषय वीस वर्षांपासून येतो तो भाषणात हेच करत असतो, त्याला वाटतं मी गाणं म्हणतोय. म्हणून "हे तर सगळ्यांना माहीतच असेल" असं वाटलं की त्या शब्दाखाली रेघ मारायची, तिथेच लोक हरवणार असतात.

मग हे सगळं शोधायचं कसं? फार डिटेक्टिव्हगिरी लागत नाही. ज्यानं बोलावलंय त्याला फोन करायचा आणि "विषय काय" यावर न थांबता विचारायचं की मलाच का बोलावलं, याआधी या विषयावर यांच्यासमोर कोण बोललं आणि ते कसं झालं, लोकांची सध्या कशावरून चिडचिड चाललीये, माझ्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, कुठला शब्द किंवा विषय काढू नको. हा शेवटचा प्रश्न विचारला की आयोजक एकदम मोकळे होतात, "तेवढं ते अमुक प्रकरण सोडून बोला हं" असं हमखास काहीतरी निघतं. पण आयोजकाचं सांगणं म्हणजे ऐकणाऱ्यांचं सांगणं नव्हे, त्याला जे लोकांनी ऐकावंसं वाटतं ते तो सांगतो. म्हणून शक्य असेल तर खुद्द बसणाऱ्यांपैकी दोन-तीन जणांशी बोला, आणि तेही नाही जमलं तर अर्धा तास आधी पोचून दारात उभं राहून चार लोकांशी गप्पा मारा. तेवढ्यात पण एखादं वाक्य असं मिळतं की त्यावरच सुरुवात करता येते. शंभर माणसं असतील तर फोनवरून तीन प्रश्नांचा छोटा फॉर्म पाठवा, त्यात "या विषयावर तुमची सगळ्यात मोठी अडचण काय" हा एकच प्रश्न मोकळा ठेवा, बाकी टिकमार्कचे.

एवढं हातात आलं की मग लिहायला बसायचं, आणि पहिलं लिहायचं ते एक वाक्य, की हे भाषण ऐकून बाहेर पडताना हा माणूस काय वेगळं करेल किंवा वेगळा विचार करेल. "झोपेबद्दल माहिती देणे" हे ते वाक्य नाही. "घरी जाताना काळा गॉगल लावायला आणि खोलीत जाड पडदा टाकायला सुरुवात करेल" हे ते वाक्य. हे वाक्य कागदाच्या वरती चिकटवलं की कापाकापी आपोआप होते, जो मुद्दा त्या वाक्याकडे नेत नाही तो कितीही भारी असला तरी बाहेर. दुखतं थोडं, पण होतं.

मांडणीसाठी मला अ‍ॅलन मन्रो यांचा साचा आवडतो, हे अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकवायचे, त्यांनी तो १९३० च्या दशकात मांडला. आधी लक्ष वेधा, मग अडचण दाखवा, मग उपाय, मग उपाय केला किंवा नाही केला तर काय होईल त्याचं चित्र, आणि शेवटी नेमकं काय करायचं ते. लोक हा साचा शिकतात आणि पाचही भागांना सारखी सारखी मिनिटं वाटून टाकतात, तिथे चुकतं. कुठल्या भागाला किती वेळ हे श्रोते ठरवतात. कॉलेजच्या मुलांना अडचणच वाटत नाही, मग निम्मं भाषण अडचणीवर. नाइट शिफ्टवाल्यांना अडचण चांगलीच माहिती आहे, तिथे दोन वाक्यांत ती मान्य करा आणि सरळ उपायावर या. आणि जे लोक उपायसुद्धा जाणतात पण करत नाहीत (आपण सगळेच यात येतो) त्यांच्यासाठी शेवटचं पाऊल इतकं छोटं करा की नाही म्हणायला जागाच नको.

लिहिताना एक लक्षात ठेवायचं, वाचणारा मागे जाऊन परत वाचू शकतो, ऐकणारा नाही. एक वाक्य निसटलं की निसटलं. त्यामुळे मुख्य गोष्ट दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत यायला हवी, आकडे गोल करून सांगायचे, "४७.८ टक्के" पेक्षा "जवळजवळ निम्मे", आणि एका विषयावरून दुसऱ्यावर जाताना "हे झालं कारण, आता उपाय बघू" असं सरळ सांगून टाकायचं, लेखात हे बाळबोध वाटेल पण कानाला बरं वाटतं. वेळेचं म्हणाल तर इंग्रजीत मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द धरतात पण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात, त्यामुळे तो आकडा डोळे मिटून घेऊ नका, स्वतःचं एक पान मोठ्यानं वाचून घड्याळ लावा आणि प्रत्यक्षात यापेक्षा थोडा जास्तच वेळ लागेल असं धरा, कारण लोक हसतात, माईक बिघडतो, कोणीतरी उशिरा येतं.

लांबी कमीच बरी असं सरसकट पण नाही हं. अमेरिकेतल्या गेटिसबर्गचं उदाहरण सगळे देतात, यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा कार्यक्रम, १९ नोव्हेंबर १८६३, एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि नंतर लिंकन जेमतेम २७० शब्द, आणि जगाला लिंकन आठवतात. पण त्या दिवसाचे मुख्य वक्ते एव्हरेटच होते आणि त्या काळात लोक तासन्‌तास भाषण ऐकायच्या तयारीनंच यायचे. एव्हरेट पाच मिनिटांत उतरले असते तर लांबून आलेल्यांना फसवल्यासारखं वाटलं असतं. लांबी पण श्रोत्यांच्या अपेक्षेवरच ठरते.

पाठांतर करायचं का? सगळं नको. विन्स्टन चर्चिल सुरुवातीला भाषणं तोंडपाठ करून जायचे आणि एप्रिल १९०४ मध्ये ब्रिटिश संसदेत बोलता बोलता पुढचं वाक्यच आठवेना, बराच वेळ शोधलं, शेवटी आभार मानून खाली बसले. वय होतं २९. त्यानंतर ते नोट्स हातात ठेवूनच बोलायचे. पाठ केलेल्या भाषणाचा दुसरा प्रॉब्लेम म्हणजे समोरचे जांभया देत असले तरी तुम्ही बदलू शकत नाही, गाडी रुळावर. पूर्ण वाचून दाखवलं तर डोळे कागदात जातात. म्हणून मधला रस्ता, मुद्दे एका कार्डावर, मोठ्या अक्षरात, आणि फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं पाठ.

ऐनवेळी बदलण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे २८ ऑगस्ट १९६३ चं, अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं "आय हॅव अ ड्रीम" (माझं एक स्वप्न आहे) हे भाषण. समोर अडीच लाखांच्या आसपास लोक, हातात लिहिलेलं भाषण, आणि जवळ बसलेली गायिका महालिया जॅक्सन ओरडली की त्यांना त्या स्वप्नाबद्दल सांगा. किंगनी कागद बाजूला केला आणि स्वप्नाचा तो भाग लिहिलेल्यात नसताना बोलले. लोक याला उत्स्फूर्त म्हणतात. पण स्वप्नाचे ते तुकडे त्यांनी आधीच्या भाषणांत, वेगवेगळ्या श्रोत्यांसमोर वापरलेले होते, कुठे लोक कसे प्रतिसाद देतात हे माहीत होतं. खिशात आधीपासून होतं म्हणून बाहेर काढता आलं. आपल्याकडे पण एखादं जास्तीचं उदाहरण, एखादा किस्सा, आणि "वेळ संपत आला तर हा भाग गाळायचा" अशी खूण कार्डावर असली पाहिजे.

आणि हो, "भाषणात शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, बाकी आवाज आणि हावभाव" हे जे वर्कशॉपमध्ये ठोकून सांगतात ना, ते भाषणाबद्दल नाहीचे. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग होते, सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून बोलणाऱ्याची भावना ओळखायची असे. ते फक्त भावना आणि आवडनिवड यांच्यापुरतं आहे असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. तेव्हा हातवारे सुधारत बसण्यात आठवडा घालवू नका.

भीतीबद्दल एवढंच की तुमची धडधड समोरच्याला तुम्हाला वाटते तितकी दिसत नाही. २००३ मध्ये सॅविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी भाषण करणाऱ्यांना नुसतं एवढं आधी समजावून सांगितलं, तर त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त चांगली वाटली.

सराव मोठ्यानं करा, उभं राहून, आणि कोणाला तरी ऐकवा, पण तो माणूस तुमच्या विषयातला नको, श्रोत्यांसारखा हवा. आणि संपल्यावर "कसं झालं?" विचारू नका, "छान" हेच उत्तर येणार. विचारा, "काय लक्षात राहिलं?" जे लक्षात राहिलं ते तुमच्या त्या वरच्या वाक्याशी जुळत नसेल तर उदाहरण बदलायला लागेल, वाक्य नाही. त्याच बैठकीत त्याच्याकडून तीन खवचट प्रश्न पण काढून घ्या, कारण प्रश्नोत्तरांची तयारी कोणी करत नाही आणि मशीनवर कोण उभं राहणार हे तिथेच विचारलं जातं.

आणि भाषण झाल्यावर घरी जायच्या आधी पाच मिनिटं कुठेतरी बसून लिहून ठेवा, कुठे हसले, कुठे मोबाईल निघाले, कोणी काय विचारलं, नंतर बाजूला येऊन कोण काय म्हणालं. कारखान्यातून निघताना मी तेवढंच केलं होतं. सात-आठ महिन्यांनी तिथूनच परत बोलावणं आलं, दुसऱ्या शिफ्टसाठी, तेव्हा टॅब उघडायची वेळच आली नाही, ते पान समोर ठेवलं आणि लिहायला लागले.